एका द्रव्याचें चरित्र : हिस्टामिन आणि स्मृति

पडशावरची किंवा अंगावर उठलेल्या पित्तावरची जुन्या धाटणीची गोळी घेतली म्हणजे डोळे जड होतात, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं, आणि दुपारीं कोणाशीं काय बोलणें झालें तें संध्याकाळीं नीटसें आठवत नाहीं, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. वाहतें नाक थांबविणाऱ्या गोळीचा स्मरणाशीं काय संबंध, असा प्रश्न मात्र थोड्यांसच पडतो. गोळीची ती एक खोड आहे, असें म्हणून आपण तो विषय सोडून देतों. नवल असें कीं, ज्यांचें कामच असले प्रश्न विचारण्याचें त्या शास्त्रज्ञांनींही तो कित्येक वर्षें असाच सोडून दिला होता. ह्या गोळ्या ज्या द्रव्याचा प्रतिकार करतात त्याचें नांव हिस्टामिन. तें द्रव्य मेंदूंत काय करतें, आणि शिकण्याशीं व आठवण्याशीं त्याचा संबंध कसा उघडकीस आला, ह्याची हकीकत मोठी वांकडीतिकडी आहे. आणि ती तशी आहे म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

हिस्टामिन प्रथम हातीं आलें तें शरीरांतून नव्हे, रसायनशाळेंतून. इ. स. १९०७ मध्यें विंडाउस आणि फोग्ट ह्या दोघां जर्मन रसायनज्ञांनीं तें कृत्रिम रीतीनें तयार केलें. त्या वेळीं तें एक नवें संयुग होतें, एवढेंच त्याचें महत्त्व. इकडे लंडनमध्यें हेन्री डेल हे तरुण शरीरशास्त्रज्ञ १९०४ पासून वेलकम ह्या औषधें करणाऱ्या गृहस्थांच्या प्रयोगशाळेंत अर्गटवर काम करीत होते. अर्गट ही राय नांवाच्या धान्यावर पडणारी बुरशी. असलें धान्य खाऊन मध्ययुगीन युरोपांत गांवेंच्या गांवें रोगानें पछाडलीं; आणि तीच बुरशी सुइणी बाळंतपणांत गर्भाशय आकुंचित व्हावा म्हणून वापरीत. विष आणि औषध एकाच कणसावर! त्या बुरशींत काय काय भरलें आहे ह्याचा शोध चालला असतां १९१० मध्यें डेल आणि त्यांचे सहकारी जॉर्ज बार्गर ह्यांना एक द्रव्य मिळालें, आणि तें जर्मनांचें तेंच संयुग ठरलें. आपल्या रोजच्या अन्नांतील प्रथिनांत हिस्टिडिन नांवाचा एक घटक असतो. त्याच्या रेणूंतून कार्बन डाय-ऑक्साइडचा अंश निघून गेला कीं जें उरतें तें हिस्टामिन.

डेल आणि लेडलॉ ह्यांनीं त्याच वर्षीं ह्या द्रव्याचे शरीरावरील परिणाम तपासले. गिनीपिगला तें टोंचलें तर त्याच्या श्वासनलिका आवळून येत आणि तो गुदमरून मरे. इतर प्राण्यांत रक्ताचा दाब झरझर उतरे. हीं लक्षणें त्यांना कशाची तरी आठवण करून देत होतीं. पोर्तिए आणि रिशे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९०२ मध्यें असें दाखविलें होतें कीं, एकदां सोसलेलें विष दुसऱ्यांदां अगदीं थोडें दिलें तरी कुत्रा तडकाफडकीं मरतो. त्या घातकी अतिसंवेदनेचें आणि हिस्टामिनच्या विषबाधेचें साम्य डेलांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. परंतु तें द्रव्य निरोगी शरीरांत मुळांतच असतें, कीं मांस सडल्यानें व जंतूंच्या क्रियेनें नंतर उत्पन्न होतें, हा वाद सतरा वर्षें मिटला नाहीं. तो मिटविला १९२७ मध्यें बेस्ट, डेल, डड्ले आणि थॉर्प ह्या चौघांनीं. ह्यांतील बेस्ट म्हणजे इन्शुलिनच्या शोधांतले तेच चार्ल्स बेस्ट. त्यांनीं ताज्या यकृतांतून आणि फुफ्फुसांतून हिस्टामिन शुद्ध रूपांत काढून दाखविलें. ग्रीक भाषेंत ऊतकाला 'हिस्टोस' म्हणतात. त्यावरून पडलेलें नांव त्या दिवसापासून यथार्थ झालें.

येथें जातां जातां आपल्या भाषेविषयीं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या कीं मराठी माणूस म्हणतो, 'पित्त उठलें'. आणि आंबट ढेकर येऊन छातींत जळजळूं लागलें तरी म्हणतो, 'पित्त झालें'. डॉक्टर मंडळी ह्याला हंसतात, कारण गांधीचा आणि जठरांतील आम्लाचा यकृतांतल्या पित्ताशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु पोपिएल्स्की ह्या पोलिश शास्त्रज्ञानें १९२० मध्यें प्रसिद्ध केलें कीं, हिस्टामिन टोंचल्यानें कुत्र्याच्या जठरांत आम्ल पाझरूं लागतें. आणि सर टॉमस लुइस ह्यांनीं १९२७ मध्यें दाखविलें कीं, त्वचेला इजा झाली असतां लाली, सूज आणि भोंवतालचा रक्तिमा हीं जीं तीन लक्षणें उमटतात तीं हिस्टामिनसारख्याच द्रव्याचीं कृत्यें आहेत. म्हणजे दोन्ही 'पित्तां'च्या मागें एकच द्रव्य निघालें. आपल्या पूर्वजांना हें ठाऊक होतें असा दावा करण्याचा मोह मीं आवरतों. पण योगायोग गंमतीचा आहे खरा.

१९३० च्या सुमारास हिस्टामिनचें चरित्र असें होतें: दमा, गांधी, आम्ल, धक्का. एकंदरींत तें शरीरांतलें एक उपद्रवी द्रव्य. तेव्हां त्याला आवर घालणारें औषध शोधावें हें ओघानेंच आलें. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें दानियेल बोव्हे हे स्विस संशोधक काम करीत होते. त्यांनीं आणि त्यांच्या सहकारी ॲन-मारी स्टॉब ह्यांनीं १९३७ मध्यें एक संयुग शोधलें. तें दिलेलें गिनीपिग हिस्टामिनच्या मारक मात्रेंतूनही वांचूं लागलें. माणसाला तें विषारी होतें. पण वाट सांपडली. १९४२ मध्यें अँटर्गन, १९४४ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति, आणि १९४६ मध्यें अमेरिकेंत बेनाड्रिल, अशीं हिस्टामिनविरोधी औषधें बाजारांत आलीं. परागज्वरानें हैराण झालेल्या लाखों माणसांना त्यांनीं सुख दिलें. बोव्हे ह्यांना १९५७ चें नोबेल पारितोषिक मिळालें त्यांत ह्या कामाचा मोठा वांटा होता.

ह्या सर्व औषधांत एक दोष सारखाच होता. तीं घेतल्यावर माणूस पेंगूं लागे. मोटार चालविणाऱ्यांना, यंत्रावर काम करणाऱ्यांना वेष्टनांवर इशारे छापावे लागले. कारखानदारांनीं दोषाचा गुण केला आणि त्यांतलींच कांहीं औषधें झोपेच्या गोळ्या म्हणून विकलीं. ह्याच कुळांतील एका औषधाचे फेरफार करीत असतां १९५० मध्यें फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझिन तयार झालें आणि वेड्यांच्या इस्पितळांचें रूप बदलून गेलें. इतकें सगळें डोळ्यांदेखत घडत असतांना, 'हिस्टामिन अडविल्यानें झोंप येते, त्या अर्थीं माणसाला जागें ठेवण्याचें काम मेंदूंत हिस्टामिनच करीत असावें काय?' हा सरळ तर्क बहुतेकांनीं गंभीरपणें केलाच नाहीं. माझ्या मतें ह्याला 'उपद्रव' हा शब्दच कारण झाला. ज्या परिणामाला एकदां औषधाचा उपद्रव म्हटलें त्याकडे मग कोणी पुरावा म्हणून पाहत नाहीं. अर्थात् शंकेला जागा होती हेंही कबूल केलें पाहिजे: हीं औषधें ॲसिटिलकोलिनसारख्या दुसऱ्या द्रव्यांच्याही आड येतात, तेव्हां झोंप नेमकी कोणामुळें, हें सांगणें सोपें नव्हतें.

पुराव्याचा दुसरा धागा ह्याहूनही आधींपासून लोंबत होता. पहिल्या महायुद्धाच्या काळांत युरोपांत एक विचित्र सांथ आली. रोगी दिवसचे दिवस झोंपून राहत. हलवून उठविले तर धड बोलत, आणि बोलतां बोलतां पुन्हां झोंपत. व्हिएन्नाचे कॉन्स्टांटिन फोन इकोनोमो ह्यांनीं १९१७ मध्यें ह्या निद्रारोगाचें वर्णन केलें आणि मेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस म्हणून एक लहानसा भाग आहे. ज्यांना अखंड झोंप लागली होती त्यांच्यांत ह्या भागाच्या मागल्या बाजूस विकृति होती. उलट ज्यांची झोंप उडाली होती त्यांच्यांत पुढल्या बाजूस. ह्यावरून इकोनोमो ह्यांनीं अनुमान केलें कीं, मागल्या बाजूस जागृतीचें ठाणें असलें पाहिजे. त्या ठाण्यांत कोणतें द्रव्य नांदतें हें सांगण्याचें साधन त्यांच्या हयातींत नव्हतें. ते १९३१ सालीं वारले.

मेंदूंत हिस्टामिन आहे ही गोष्ट तर १९४३ सालींच प्रसिद्ध झाली होती. क्वियात्कोव्स्की ह्यांनीं त्या वर्षीं मज्जासंस्थेंतील हिस्टामिनवर निबंध लिहिला आणि मेंदूच्या पांढऱ्या भागापेक्षां करड्या भागांत, म्हणजे जेथें मज्जापेशींची दाटी असते तेथें, तें अधिक असल्याचें दाखविलें. पुढें १९५९ मध्यें स्वीडनचे व्हाइट ह्यांनीं मेंदूच्या ऊतकांत तें तयार होतें व मोडलेंही जातें हें सिद्ध केलें. तरीही विद्वानांचें समाधान होईना. कारण मध्यंतरीं, १९५३ च्या सुमारास, रायली आणि वेस्ट ह्यांनीं शरीरांतल्या हिस्टामिनचें मुख्य कोठार शोधून काढलें होतें. एर्लिख ह्यांनीं १८७८ मध्यें ज्यांना 'पुष्ट पेशी' अशा अर्थाचें जर्मन नांव दिलें त्या मास्ट पेशींत तें ठासून भरलेलें असतें. आणि ह्या पेशी मेंदूच्या आवरणांत व रक्तवाहिन्यांच्या कडेलाही थोड्याबहुत सांपडतात. मग मेंदूंतलें हिस्टामिन हें त्या उपऱ्या पेशींचेंच नसेल कशावरून? हा आक्षेप रास्त होता. पण तो इतका सोयीचा होता कीं त्याच्या आश्रयानें तो विषय बरींच वर्षें बाजूस पडून राहिला.

एक विसंगति मनाला चटका लावते. एका मज्जातंतूचा निरोप दुसऱ्या पेशीला रासायनिक द्रव्याच्या द्वारें पोंचतो, ह्या शोधाबद्दल ऑटो लोवी ह्यांच्याबरोबर १९३६ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें डेल ह्यांनाच. हिस्टामिनचे पहिले पारखी तेच, रासायनिक निरोपांचे प्रणेतेही तेच. तरी ह्या दोन गोष्टींची गांठ पूर्णपणें बसलेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ते १९६८ मध्यें वारले.

गांठ बसली ती १९७४ मध्यें, पॅरिसला. झां-शार्ल श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदराच्या मेंदूंतील तंतूंचा एक जुडगा कापला आणि त्यापुढील भागांत हिस्टामिन तयार करणाऱ्या विकराचें काय होतें तें पाहिलें. तें एकाएकीं नाहींसें झालें नाहीं. कांहीं दिवसांत हळूहळू उतरत गेलें. मुळापासून तोडलेली वेल जशी सावकाश सुकते तसें. मास्ट पेशींना असल्या तंतूंशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तेव्हां तें विकर मज्जातंतूंचेंच होतें. ह्या तंतूंचें मूळ प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. १९८४ च्या सुमारास अमेरिकेंत पानुला आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं हिस्टामिनलाच चिकटणारी प्रतिद्रव्यें वापरून, आणि जपानांत ओसाका येथें वातानाबे इत्यादिकांनीं त्या विकराला चिकटणारी प्रतिद्रव्यें वापरून, मेंदूंतल्या हिस्टामिन-पेशी रंगवून दाखविल्या. दोन्ही पथकांचे रस्ते निराळे, उत्तर एकच. ह्या पेशी साऱ्या मेंदूंत एकाच जागीं होत्या: हायपोथॅलॅमसच्या मागल्या भागांत, ट्यूबरोमॅमिलरी नांवाच्या केंद्रांत. इकोनोमो ह्यांनीं बोट ठेवलेल्या प्रदेशांत!

माणसांत ह्या पेशी सुमारें ६४,००० भरल्या, असें १९९१ मध्यें मोजलें गेलें. मानवी मेंदूंत मज्जापेशी जवळजवळ ८,६०० कोटि; त्यांत ही संख्या म्हणजे मुंबईच्या गर्दींत एखादें मोठें कुटुंब. पण त्यांचे तंतु मात्र मेंदूच्या बहुतेक सर्व भागांत पसरलेले असतात. अन्नांतलें किंवा रक्तांतलें हिस्टामिन मेंदूंत शिरूं शकत नाहीं. हिस्टिडिन शिरतें, आणि ह्या पेशी त्याचें हिस्टामिन बनवितात. जनावर जागें व सावध असतें तेव्हांच ह्या पेशी चालू असतात. झोंपेंत त्या गप्प. फ्रान्समध्यें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हिस्टामिन तयार करण्याची शक्तीच जन्मतः नसलेले उंदीर नव्या पिंजऱ्यांत सोडले. साधा उंदीर अशा वेळीं कोपरान् कोपरा हुंगीत फिरतो. हे उंदीर थोड्याच वेळांत झोंपीं गेले. शिकण्याच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं हें चित्र वाचकांनीं मनाशीं धरून ठेवावें.

आपल्याकडील नैयायिकांनीं स्मरणाचा विचार करतांना तीन पायऱ्या निराळ्या केल्या: प्रथम अनुभव, अनुभवानें मागें ठेवलेला संस्कार, आणि तो संस्कार कशानें तरी जागृत झाला असतां होणारी स्मृति. जागें करणाऱ्या त्या निमित्ताला ते उद्बोधक म्हणतात. ही विभागणी तर्काची आहे, प्रयोगाची नव्हे. तरी पुढच्या प्रयोगांचा गुंता उलगडण्यास ती मला फार सोयीची वाटते, कारण ते करणाऱ्यांचा घोटाळा पुष्कळदां ह्या तिन्ही पायऱ्या 'स्मरणशक्ति' ह्या एकाच शब्दांत कोंबल्यामुळें झाला आहे.

हिस्टामिनचा आणि स्मृतीचा संबंध प्रयोगानें जोडणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधांपैकीं एक १९८६ सालचा, ब्राझीलमधील पोर्तु अलेग्रे येथील दि आल्मेदा आणि इव्हान इझक्यिर्दो ह्यांचा. इझक्यिर्दो हे जन्मानें अर्जेंटिनाचे. २०२१ मध्यें ते वारले तोंवर त्यांनीं जन्मभर स्मृतीचाच पाठपुरावा केला. प्रयोगाची रीत अशी: उंदराला एका लहान ओट्यावर ठेवावयाचें, तो खालीं उतरला कीं पायांना विजेचा हलका झटका बसतो. दुसऱ्या दिवशीं त्याला पुन्हां ओट्यावर ठेवावयाचें. तो उतरण्यास जितका अधिक वेळ घेईल तितकी कालची आठवण पक्की. युक्ति अशी कीं, हिस्टामिन द्यावयाचें तें धडा शिकून झाल्यावर, मेंदूच्या पोकळींत. म्हणजे शिकतांना उंदीर अधिक सावध होता, म्हणून त्याला अधिक आठवलें, असा आक्षेप घेण्यास जागा राहत नाहीं. परिणाम झालाच तर तो संस्कार दृढ होण्यावर. आणि परिणाम झाला. हिस्टामिन मिळालेले उंदीर दुसऱ्या दिवशीं ओट्यावर अधिक वेळ थांबले.

येथेंच ही गोष्ट संपली असती तर हिस्टामिन म्हणजे स्मृतीचें अमृत, असें म्हणून मोकळें होतां आलें असतें. पण १९९४ मध्यें जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथील ह्यूस्टन ह्यांच्या पथकानें नेमकें उलट प्रसिद्ध केलें. त्यांनीं उंदरांच्या मेंदूंतील ट्यूबरोमॅमिलरी केंद्रच नष्ट केलें. आणि तरुण काय, म्हातारे काय, ते उंदीर पूर्वीपेक्षां चांगलें शिकूं लागले. मूळच तोडलें आणि फळ वाढलें! २००३ मध्यें ह्याच शहरांतून आलेला निबंध तर त्याहून बोलका आहे. जन्मतः हिस्टामिन नसलेल्या उंदरांना, आधीं पाहिलेली वस्तु आणि नवी वस्तु ह्यांतला फरक नीट ओळखतां येईना; पण पाण्याच्या हौदांत पोहत बुडालेला चौथरा शोधून काढण्याच्या कामांत तेच उंदीर इतरांपेक्षां सरस ठरले. एकाच उंदराची स्मृति एका कसोटींत अधू, दुसऱ्या कसोटींत तल्लख.

ह्या विरोधाचा अर्थ काय? पहिल्या कसोटींत उंदरावर कसलीच सक्ति नसते. नव्याचें कुतूहल हीच प्रेरणा. हिस्टामिनवांचून नव्या पिंजऱ्यांत झोंपणारा तो उंदीर आठवा. जेथें अनुभवच पुसट झाला तेथें संस्कार कोठून उमटणार? हौदांत मात्र जीव वांचवावयाचा असतो. पाणीच त्याला जागें ठेवतें. त्यांतून भयाचा आणि चिंतेचा प्रश्न निराळाच आहे: ट्यूबरोमॅमिलरी केंद्राचा कांहीं भाग गेल्यावर उंदीर कमी भित्रे होतात असेंही ड्युसेलडॉर्फलाच दिसलें होतें, आणि कमी घाबरलेलें जनावर कित्येकदां अधिक चांगलें शिकतें. परीक्षेला बसलेल्या कोणालाही हें पटवून द्यावयास नको.

शिवाय हिस्टामिनचें काम एकाच प्रकारचें नाहीं. पेशींच्या पृष्ठभागावर त्याला ओळखणारे जे ग्राही असतात, त्यांना कुलुपें म्हणावयास हरकत नाहीं, ते चार प्रकारचे सांपडले आहेत. पडशाच्या गोळ्या पहिल्याला अडवितात. जठरांतील आम्ल सोडविणारा दुसरा. तो जेम्स ब्लॅक ह्यांनीं १९७२ मध्यें निश्चित केला. हाच दुसरा ग्राही मेंदूंत मज्जापेशींना अधिक काळ चेतलेल्या स्थितींत राहूं देतो. तिसरा श्वार्त्झ ह्यांच्याच प्रयोगशाळेनें १९८३ मध्यें शोधला, आणि तो मोठा नवलाचा आहे: हिस्टामिन सोडणाऱ्या पेशीवरच तो बसलेला असतो आणि पुरेसें हिस्टामिन झालें कीं 'आतां पुरे' असें सांगून ती पेशी आवरतो. चौथ्याशीं आपल्याला येथें कर्तव्य नाहीं. संस्कार जेथें घडतात त्या हिपोकॅम्पस नांवाच्या भागांत तर हिस्टामिन ग्राहींवांचूनही, स्मृतीच्या घडणीला आवश्यक असलेल्या दुसऱ्या एका यंत्रणेला थेट जोर देतें, असें १९९३ मध्यें दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनीं दाखविलें. स्थान बदललें कीं कामही बदलतें. तिसऱ्या ग्राहीला अडवून हिस्टामिन वाढविलें तर सामान्यतः स्मरण सुधारतें. परंतु मेंदूंतील भयाचें ठाणें समजल्या जाणाऱ्या अमिग्डालांत नेमकें तेंच केलें असतां भयाची आठवण दुबळी झाली, असें फ्लॉरेन्सच्या संशोधकांना आढळलें. ज्या पोर्तु अलेग्रेच्या मंडळींचे निष्कर्ष ह्याशीं पुरते जुळत नव्हते, त्यांच्याशीं पुढें फ्लॉरेन्सकरांनीं सहकार्य केलें आणि २०१५ मध्यें संयुक्त निबंध लिहिला. शास्त्रांतले वाद असेही मिटतात, हें वाचून बरें वाटतें.

माणसाविषयींचा पुरावा ह्या मानानें साधा आहे. जपानांतील सेंदाई येथें यानाई आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साह्यानें जिवंत माणसाच्या मेंदूंतील पहिल्या ग्राहीचीं चित्रें घेतलीं. जुन्या धाटणीच्या गोळीच्या एका साध्या मात्रेनें मेंदूंतील हे ग्राही निम्म्याच्या आसपास अडतात, असें त्यांत दिसलें. नव्या गोळ्यांनीं फार थोडे अडतात. ह्या नव्या गोळ्यांची कुळकथाही मौजेची आहे. त्यांतली पहिली, टर्फेनाडिन, मुळांत मन शांत करणारें औषध म्हणून बनविली होती. पण ती मेंदूंत शिरेचना, म्हणून त्या कामीं नापास झाली. नेमक्या त्याच अवगुणामुळें १९८५ मध्यें ती पडशाच्या बाजारांत उतरली. पुढें हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करते म्हणून १९९८ मध्यें ती अमेरिकेंतून काढून घेतली गेली. तरी गांधी जाव्या आणि झोंप न यावी हें शक्य असल्याचें तिनें दाखवून दिलें होतें. अंगावरचें हिस्टामिन आणि मेंदूंतलें हिस्टामिन हीं दोन निराळीं प्रकरणें आहेत, ह्याचा इतका रोखठोक पुरावा औषधाच्या दुकानांतून मिळाला.

तेव्हां घरांतल्या वृद्ध माणसाला रात्रीं झोंप लागावी म्हणून जुनी गोळी देतांना विचार केलेला बरा, असें वैद्यकांतले जाणकार सांगतात तें उगाच नव्हे. त्या वयांत गोंधळ आणि विसर लवकर वाढतो. मात्र तो सगळा दोष हिस्टामिनच्या खातीं टाकणें चुकीचें होईल. वर सांगितल्याप्रमाणें ह्या गोळ्या ॲसिटिलकोलिनलाही अडवितात, आणि स्मृतीच्या बाबतींत त्याची बाजू हिस्टामिनहून लंगडी नाहीं.

ज्यांनीं हिस्टामिनविरोधी औषधांचा पाया घातला ते बोव्हे उत्तरायुष्यांत रोमला स्थायिक झाले, आणि त्यांनीं अभ्यासाला विषय घेतला तो उंदरांच्या शिकण्याचा व स्मरणाचा! १९६९ मध्यें त्यांनीं सहकाऱ्यांसह लिहिलेला प्रसिद्ध निबंध उंदरांच्या निरनिराळ्या वाणांतील शिकण्याच्या कुवतीच्या आनुवंशिक फरकावर आहे. गोळी एका टेबलावर आणि स्मृति दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यांत. मध्यें पूल बांधणारा १९७४ चा प्रयोग त्या वेळीं अजून पांच वर्षें दूर होता.

पूल बांधून झाल्यावर औषधें आलीं. तिसऱ्या ग्राहीला अडविलें कीं पेशींवरचा लगाम सुटतो आणि मेंदूंत हिस्टामिन वाढतें. श्वार्त्झ ह्यांच्या पुढाकारानें तयार झालेलें पिटोलिसँट २०१६ मध्यें युरोपांत, वेळीं-अवेळीं अनावर झोंप येण्याच्या व्याधीवर मंजूर झालें. इकोनोमो ह्यांच्या रोग्यांपासून निघालेला धागा येथें फळाला आला. अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशाविषयीं आशा त्याहून मोठी होती, कारण त्या रोगांत ट्यूबरोमॅमिलरी केंद्राच्या पेशीही विकृत झालेल्या दिसतात. पण त्यावर कित्येक कंपन्यांनीं ह्या वर्गांतलीं औषधें रोग्यांवर तपासून पाहिलीं आणि उंदरांवर दिसलेला गुण रोग्यांना हवा तसा आला नाहीं. जागृति परत मिळवितां आली, स्मृति नाहीं. ह्याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं: जे संस्कार ज्या पेशींत होते त्या पेशीच गळून गेल्यावर नुसता दिवा मोठा करून काय दिसणार?

ज्यांच्या पेशी शाबूत आहेत त्यांची गोष्ट निराळी. २०१९ मध्यें जपानी संशोधक नोमुरा, इकेगाया आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. माझ्या मतें ह्या साऱ्या चरित्रांतला तो सर्वांत सूचक. आधीं उंदरांवर, मग ३८ निरोगी तरुण-तरुणींवर. त्यांना बरींच चित्रें दाखविलीं. कांहीं दिवस जाऊं दिले. आठवणी पुसट होऊं दिल्या. मग कांहींना बिटाहिस्टिन दिलें. घेरी येणाऱ्यांना आपले डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात त्यांतलेंच हें औषध. येथें मात्रा मात्र नेहमींहून बरीच मोठी होती. तें तिसऱ्या ग्राहीला अडवून हिस्टामिन वाढवितें. मग विचारलें: ह्यांतलीं पूर्वीं पाहिलेलीं चित्रें कोणतीं? येथें अनुभव केव्हांच होऊन गेला होता, संस्कारही पडून गेला होता; उरली होती ती तिसरी पायरी, उद्बोधाची. औषधानें तीच गांठली. जीं चित्रें आठवणें कठीण होतें तीं अधिक ओळखतां आलीं, आणि ज्यांचें स्मरण मुळांत कच्चें त्यांना लाभ अधिक झाला.

परंतु ज्यांना औषधावांचूनच चांगलें आठवत होतें, त्यांची कामगिरी तें घेतल्यावर खालावली. संशोधकांनीं ह्याची उपपत्ति अशी लावली आहे कीं, हिस्टामिन पेशींत एक प्रकारची सरसकट चळवळ माजवितें. जो संस्कार उंबरठ्याच्या किंचित् अलीकडे अडून पडला आहे त्याला तेवढ्या धक्क्यानें आंत येतां येतें. पण जो आधींच स्पष्ट बोलत होता, त्याचा आवाज त्याच गलबल्यांत बुडून जातो.